बेस गढूळ का वाजतो?

प्रश्न : मी साताऱ्याचा, वय ३१. सात-आठ वर्षं गिटार वाजवतोय. आमच्या ऑर्केस्ट्रातला बेसवाला नोकरीसाठी बाहेरगावी गेला, म्हणून पाच महिन्यांपूर्वी मी चार तारांचा बेस गिटार घेतला आणि त्याच्या जागी उभा राहिलो. गाणी पाठ आहेत, कुठला सूर कुठे आहे तेही कळतं. पण अर्ध्या तासात डावं मनगट आणि अंगठ्याचं मूळ दुखायला लागतं. जाड तारेवर दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) खरखर येते. आणि साउंडवाला दर कार्यक्रमाला म्हणतो की बेस गढूळ येतोय, खाली नुसता घूं आवाज राहतो. माझी बोटं बेससाठी लहान आहेत का? की वाद्यच हलकं आहे? पाच तारांचा चांगला बेस घ्यावा असं मनात आहे. – स. प., सातारा

उत्तर : नवा बेस सध्या घेऊ नका. तुमच्या तिन्ही तक्रारी एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि बोटांच्या लांबीचा त्यांच्याशी फारसा संबंध दिसत नाही. गिटारवर बसलेले हात तुम्ही जसेच्या तसे बेसवर आणले आहेत. गिटारवर शेजारची तार चुकून वाजत राहिली तर कॉर्डमध्ये खपून जाते. बेसवर ती खपत नाही, सगळ्या गाण्याखाली पसरते. बेस वाजवणाऱ्याला सूर काढायचा असतो तसाच तो वेळेवर थांबवायचाही असतो आणि न वाजणाऱ्या तीन तारा सतत गप्प ठेवायच्या असतात. हे काम गिटारवर कुणी शिकवत नाही. महागडं वाद्य घेतलं तरी ते हातांनीच करावं लागतं.

मनगटापासून सुरुवात करतो, कारण दुखणं वाढलं तर बाकीचं शिकणं थांबेल.

अमेरिकी वाद्यनिर्माता लिओ फेंडरने १९५१मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा नटपासून (डोक्याकडची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा टेकतात ती जागा) तारेची लांबी ३४ इंच ठेवली. आजही बहुतेक बेस त्याच मापाचे असतात. तुमची इलेक्ट्रिक गिटार बहुधा २५.५ इंचांची असेल. गिटारवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर साधारण ९.७ सेंटिमीटर भरतं, बेसवर तेच १३ सेंटिमीटर होतं. तुम्ही गिटारच्या सवयीने एका फ्रेटला एक बोट असा पंजा पसरत असाल, तर दर सुराला तळहात ताणला जातो आणि तो ताण पेलण्यासाठी अंगठा मागून नेक, म्हणजे वाद्याची मान, आवळतो. अंगठ्याच्या मुळाशी दुखतं ते यामुळे.

यावर जुना आणि पक्का उपाय आहे. उभ्या, मोठ्या डबल बेसवर तारा याहूनही लांब असतात. तिथल्या वादकांनी खालच्या भागात चार फ्रेटऐवजी तीनच फ्रेटइतकी जागा एका वेळी धरायची पद्धत बसवली. १९व्या शतकात व्हिएन्नातले वादक-शिक्षक फ्रान्झ सिमांडल यांच्या नावाने ती ओळखली जाते. तर्जनी पहिल्या फ्रेटला, मधलं बोट दुसऱ्या, करंगळी तिसऱ्या. अनामिका स्वतंत्र काम करत नाही, करंगळीच्या सोबत खाली येऊन तिला बळ देते. चौथा फ्रेट हवा असेल तर बोट ताणायचं नाही, सगळा हात अंगठ्यासकट एक फ्रेट पुढे सरकवायचा. बहुतेक नवशिके इथेच चुकतात. बोटं पुढे जातात, अंगठा मागे तिथेच चिकटून राहतो आणि मनगट पिळवटतं. अंगठा हातासोबत सरकला पाहिजे.

सातव्या फ्रेटच्या पुढे मात्र चार फ्रेटना चार बोटं खुशाल वापरा. तिथे सातव्यापासून दहाव्यापर्यंतचं अंतर ९.२ सेंटिमीटर, म्हणजे गिटारच्या पहिल्या चार फ्रेटपेक्षाही कमी असतं. पाचव्या-सहाव्या फ्रेटवर हाताला झेपेल तसं ठरवा. बोटं लहान आहेत का, या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. बेसच्या तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी. ऑक्टेव्ह (तोच सूर खालच्या आणि वरच्या सप्तकात) घेताना, म्हणजे ई तारेच्या पहिल्या फ्रेटला एफ आणि डी तारेच्या तिसऱ्या फ्रेटला वरचा एफ, फ्रेटच्या दिशेने लागणारं अंतर नऊ सेंटिमीटरच्या आत आहे. तर्जनी आणि करंगळीने ते सहज होतं. ज्यांचा पंजा खरोखर फार लहान आहे त्यांच्यासाठी ३० इंचांचे बेस मिळतात. त्यावर पहिल्या चार फ्रेटचं अंतर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत येतं. तुम्हाला त्याची गरज असेल असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही.

आता पट्टा. बेस मांडीजवळ लोंबत असेल तर डाव्या हाताला ई तारेपर्यंत पोचण्यासाठी मनगट काटकोनाच्या जवळपास वाकवावं लागतं. मनगट असं वाकलं की बोटं वळवणारे स्नायुबंध एका अरुंद बोगद्यात वाकून घासत राहतात आणि तिथून जाणाऱ्या नसेवरचा दाब वाढतो. पट्टा असा बांधा : खुर्चीवर ताठ बसा, बेस उजव्या मांडीवर ठेवा, आणि पट्टा इतका आखूड करा की बसलेले असतानाच तो खांद्यावर ताणलेला राहील. मग उभे राहा. बेस जिथे होता तिथेच राहिला पाहिजे. नेक जमिनीला समांतर नको, तिचं टोक साधारण खांद्याच्या उंचीला येईल इतकी वर वळलेली हवी. घरी बसून सराव आणि स्टेजवर उभं राहून वादन अशी दोन वेगळी हातवळणं तयार झाली की कार्यक्रमात हात चुकतो. या एका बदलाने तेही टळतं.

पट्टा बांधून उभे राहिल्यावर दोन्ही हात सोडून बघा. नेक खाली झुकत असेल तर तुमचा डावा हात एवढे दिवस हमालीही करत होता. नायलॉनचा गुळगुळीत पट्टा काढून आतून खरखरीत चामड्याचा, तीन इंच रुंद पट्टा लावा. तो खांद्यावर घसरत नाही. चारेक किलोचं वजनही रुंद पट्ट्यावर कमी जाणवतं.

अंगठ्याची परीक्षा अशी. पट्टा नीट बांधून, उजव्या हाताचा कोपराखालचा भाग बेसच्या कडेवर टेकवून डावा अंगठा नेकवरून पूर्ण उचला. आता नुसत्या बोटांनी पाचव्या फ्रेटला सूर दाबा. जोर बोटांच्या चिमटीतून न येता सगळ्या हाताच्या वजनातून येतो, हात मागे ओढल्यासारखा. सूर निघतो, आणि स्वच्छ निघतो. हे दोन मिनिटं करा, मग अंगठा मधल्या बोटाच्या समोर, नेकच्या पाठीवर नुसता टेकवा. तो तिथे दिशा दाखवण्यापुरता आहे. गिटारवाल्यांचा अंगठा नेकच्या वरून डोकावतो, तुमचाही डोकावत असेल. बेसवर तसं केलं की तळहात नेकला चिकटतो आणि करंगळी अधांतरी राहते.

दाब किती द्यायचा हेही हातानेच मोजता येतं. तारेवर बोट नुसतं ठेवा आणि उजव्या हाताने संथ लयीत तार छेडत राहा. आधी ठप्प असा मेलेला आवाज येईल. दाब हळूहळू वाढवा. खरखर सुरू होईल. आणखी वाढवा, सूर स्वच्छ होईल. तिथेच थांबा. याच्या पुढचा सगळा दाब वाया जातो, आणि तार खाली रेटली जाऊन सूर किंचित चढतो तो वेगळाच. हा प्रयोग एकाच फ्रेटच्या जागेत तीन ठिकाणी करा : मागच्या फ्रेटला लागून, मधोमध, आणि पुढच्या फ्रेटच्या अगदी मागे. तिसऱ्या जागी सर्वांत कमी दाब लागतो, कारण तार जवळच्याच फ्रेटवर टेकवायची असते. मधोमध दाबली की ती फ्रेटवर सैल टेकते आणि थरथरते. दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटची तुमची खरखर मला यामुळेच येत असावीशी वाटते : तिथे फ्रेटची घरं मोठी आहेत, गिटारच्या अंदाजाने बोट टाकलं की ते घराच्या मध्यावर पडतं. मात्र बोट फ्रेटच्या डोक्यावरही नको. तिथे सूर घुसमटतो.

दुखण्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. सरावानंतर स्नायू थकणं वेगळं आणि वाजवताना टोचणं, मुंग्या येणं, बधिर होणं वेगळं. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या आल्या तर मनगटातली नस दाबली जात असू शकते. करंगळी आणि अनामिकेला आल्या तर बहुधा कोपरापाशी त्रास असतो. दोन आठवडे वरचे बदल करूनही दुखणं कमी झालं नाही, किंवा रात्री झोपेतून जाग येऊ लागली, तर सराव बंद ठेवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. दुखणं सहन करत वाजवल्याने हात तयार होत नाही.

खरखर हाताची की वाद्याची, हे ठरवायला दहा मिनिटं पुरतात. पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून ठेवणारा चिमटा) लावा, नेक बॉडीला जिथे जुळते त्या फ्रेटला ई तार दाबा, आणि आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यात फट किती आहे बघा. ०.३ मिलिमीटरच्या आसपास हवी, म्हणजे साधारण एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. फट अजिबात नसेल तर नेक जास्त सरळ किंवा मागे वाकलेली आहे, आणि मग खरखर पहिल्या तीन-चार फ्रेटवरच जास्त येते. कॅपो काढून बाराव्या फ्रेटला तारेची उंची मोजा : ई तारेखाली सुमारे अडीच मिलिमीटर, जी तारेखाली दोन, ही नवशिक्याला सोयीची मापं. उंची यापेक्षा बरीच कमी असेल तर वरच्या फ्रेटवर सगळीकडे खरखर येते. एकाच विशिष्ट फ्रेटला येत असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उचललेला असतो आणि तो घासून घ्यावा लागतो.

साताऱ्याच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि नेकचा बाक बदलतो. त्यामुळे जूनमध्ये ठीक असलेला बेस ऑगस्टमध्ये खरखरू शकतो. ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक बदलणारी सळई) फिरवायचा तर एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको, तारा ताणलेल्या ठेवून पुन्हा मोजायचं. सवय नसेल तर वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या. सेटअपचा (नेकचा बाक आणि तारांची उंची नीट करून घेण्याचा) खर्च नव्या बेसच्या तुलनेत किरकोळ असतो, आणि हलक्या वाद्यातही त्याने मोठा फरक पडतो.

आता उजवा हात. गिटारवाला बेस हातात घेतो तेव्हा तार वर खेचून सोडतो, जणू ती तुटली पाहिजे. तार बाहेरच्या दिशेने ओढली की परत येताना ती फ्रेटवर आपटते. ती टणटण तुम्हाला खरखर वाटत असेल, तर डाव्या हाताने कितीही दाबलं तरी ती जाणार नाही. जोरात छेडलेल्या तारेचा सूर पहिल्या क्षणी चढलेला असतो, हेही त्यातच आलं. बोट तारेतून आरपार जाऊ द्या आणि शेजारच्या जाड तारेवर टेकवा : ए वाजवली की बोट ई वर येऊन थांबतं, डी वाजवली की ए वर. ई वाजवताना बोट अंगठ्याकडे येतं. बोटाच्या टोकाचा जेमतेम अर्धा सेंटिमीटर भाग तारेखाली जायला हवा. आवाज कमी वाटला तर अँपचं बटण वाढवा. जोराचं काम अँप करतो, हाताला फक्त वेळ आणि वजन सांभाळायचं आहे.

तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने चालवा. दोन्हींचा आवाज सारखा येत नाही, कारण मधलं बोट लांब आहे. हात किंचित तिरका धरला की दोन्ही टोकं तारेला एकाच रेषेत लागतात. रोज एकदा सराव मधल्या बोटाने सुरू करा. जी वरून डी वर, डी वरून ए वर असं खाली येताना त्याच बोटाने सरकत जाणं चुकीचं नाही. बोट टेकलेलंच असतं, तिथूनच पुढचा सूर निघतो. पण ते ठरवून करा, नाहीतर मधेच बोट अडखळतं आणि लय सुटते. एकच बोट वापरणं ही चूक आहे असंही कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांमागचा बेसवादक जेम्स जेमरसन उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरत असे. पिकचंही (तार छेडायच्या चिपेचंही) तसंच. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत बेसवादक कॅरल के यांनी पिकनेच असंख्य ध्वनिमुद्रणं वाजवली. तुमचा गिटारमुळे पिकवर हात बसलेला आहे, तो जपा. फक्त पिक धरल्यावर तळहाताची कड ब्रिजजवळ तारांवर टेकवून आवाज आवरायला शिका.

उजवं मनगटही बघा. बेसची कड मनगटाला लागत असेल तर ते खाली वाकतं. कोपराखालच्या भागाचा मध्य कडेवर येईल असा हात मागे घ्या.

आता गढूळपणाकडे. आधी हा प्रयोग करा. अँप चालू ठेवून डी तारेच्या दुसऱ्या फ्रेटला ई वाजवा. बाकी कुठल्याही तारेला हात लावू नका. दोन सेकंदांनी डी तार बोटाने थांबवा. सूर थांबणार नाही. मोकळी ई तार घुमत असेल, तिला तुम्ही स्पर्शही केलेला नसताना. मोकळी ई ४१.२ हर्ट्झला वाजते आणि तिचा दुसरा स्वरांश (तिच्याच आवाजात मिसळलेला वरचा सूर) ८२.४ हर्ट्झचा, म्हणजे तुम्ही वाजवलेल्या सुराइतकाच असतो. म्हणून ती त्याला साद देते. डी तारेच्या सातव्या फ्रेटला ए वाजवलात तर मोकळी ए अशीच घुमेल. घरी लहान अँपवर हे कानावर येत नाही. मंडपातल्या मोठ्या स्पीकरवर हे सगळे न वाजवलेले सूर वाजवलेल्या सुरांखाली साचतात, आणि साउंडवाला ज्याला घूं म्हणतो ते हेच.

तारा गप्प ठेवण्याची वाटणी साधी आहे : वाजणाऱ्या तारेपेक्षा जाड तारा उजव्या हाताकडे, बारीक तारा डाव्या हाताकडे. उजवा अंगठा पिकअपवर (तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या चुंबकी पट्टीवर) कायमचा रोवून ठेवू नका, गिटारवरून आलेल्यांची ही सर्वांत चिवट सवय आहे. ई वाजवताना तो पिकअपवर असू दे. ए वाजवायची की अंगठा ई तारेवर उतरवा. डी वाजवायची की अंगठ्याचं टोक ए वर आणि त्याची कड ई वर टेकवा. जी वाजवताना अंगठा तिथेच राहिला तरी चालतो, कारण वाजवून झालेलं बोट डी वर येऊन टेकतंच. शिवाय डाव्या हाताचं जे बोट जी दाबतंय त्याचं टोक किंचित पुढे काढून डी तारेला हलकं चिकटवता येतं. परत खाली येताना अंगठाही मागे सरकतो. सुरुवातीला हे फार अवघड वाटतं, आठवडाभर नुसत्या मोकळ्या तारांवर करा. ई-ए-डी-जी, जी-डी-ए-ई, दर तारेवर चार ठोके, मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र किंवा अ‍ॅप) मिनिटाला ६० ठोक्यांवर. डाव्या हाताची भानगड त्यात नको.

डावा हात बारीक तारा कशा आवरतो? तर्जनी गिटारसारखी टोकावर उभी करू नका. ती जरा आडवी पडू द्या, म्हणजे टोक सूर दाबतं आणि बोटाचं पोट पलीकडच्या बारीक तारांना नुसतं शिवून राहतं. मधल्या बोटाने किंवा करंगळीने सूर दाबला असेल तेव्हाही तर्जनी रिकामी हवेत ठेवायची नाही, मागे तारांवर आडवी ठेवायची. एक खाचखळगा आहे : तार एकाच बोटाने शिवून थांबवायला गेलात आणि ते बोट नेमकं पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर पडलं, तर तार थांबायच्याऐवजी घंटेसारखा वरचा सूर देते. म्हणून थांबवताना कमीत कमी दोन बोटं टेकवा.

हे जमतंय का हे तपासायचं तर कुठलाही सूर वाजवा, थांबवा, आणि तीन सेकंद ऐका. शांतता पाहिजे. मग एका ओळीत आठ सूर वाजवा आणि शेवटचा थांबवा. पुन्हा शांतता पाहिजे. काही उरत असेल तर कोणती तार उरली ते एकेक करून बोट ठेवून शोधा आणि ती कोणत्या हाताची जबाबदारी होती ते बघा. आठ-दहा दिवसांत तुमच्या चुका ठरावीक जागीच होतात हे लक्षात येईल. बहुतेकदा ती मोकळी ए असते, हात डी आणि जी वर गेलेला असताना.

पुढच्याच आठवड्यात कार्यक्रम असेल तर तोवर एक तात्पुरता उपाय. भांडी घासायच्या स्पंजची दोनेक सेंटिमीटर रुंद पट्टी कापून ब्रिजजवळ तारांखाली, तारांना जेमतेम लागेल अशी सरकवा. सूर लवकर विझतील आणि घुमणं पुष्कळ कमी होईल. जेमरसनच्या बेसच्या ब्रिजवरच्या झाकणाखाली असाच फोम असे, त्यामुळे हा उपाय कमअस्सल समजू नका. फक्त लांब सूर धरायच्या संथ गाण्यांत तो आड येतो, म्हणून हाताचं काम शिकायचंच आहे. स्टेजवर अँप कोपऱ्यात किंवा भिंतीला टेकून ठेवू नका, खालचे सूर फुगतात. बेसचं बटण पूर्ण वर आणि मधलं पूर्ण खाली असं ठेवायची सवय असेल तर ती मोडा. सगळी बटणं मध्यावर ठेवून सुरुवात करा. गर्दीत बेसचा सूर ओळखू येतो तो मधल्या पट्टीमुळे.

आवाज स्वच्छ झाला की सुराच्या लांबीकडे वळा. तुमच्या ऑर्केस्ट्रात ढोलक किंवा तबला असणार, आणि खालच्या पट्टीत बेसचा शेजारी डग्गा असतो. केरव्याचा ठेका घ्या : धा गे ना ति, न क धि न. डग्गा पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला घुमतो. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत तो बंद असतो. समेवर वाजवलेला तुमचा सूर किती लांब ठेवता यावर तिथली सगळी मोकळी जागा ठरते. तो सहाव्या मात्रेपर्यंत धरला तर गाणं भरलेलं आणि जड वाटेल, दुसऱ्या मात्रेनंतर तोडला तर ठेका उडी घेईल. दोन्ही बरोबर आहेत, गाण्यावर अवलंबून. चुकीचं एकच : सूर आपोआप विझेपर्यंत वाजत ठेवणं आणि तो कुठे संपला याची वाजवणाऱ्यालाच कल्पना नसणं. सातव्या मात्रेला ‘धि’ येतो तेव्हा तुमचा जुना सूर अजून रेंगाळत असेल, तर डग्गा आणि बेस एकमेकांत मिसळून दोघांचेही ठोके हरवतात.

सूर तोडायचे दोन मार्ग आहेत. डाव्या बोटाचा दाब सोडायचा पण बोट तारेवरून उचलायचं नाही. उचललंत तर मोकळी तार बोलते. किंवा उजव्या हाताचं पुढचं बोट वेळेआधीच तारेवर ठेवायचं. दोन्ही एकत्र केलं की तोड कोरीव येते. सरावासाठी मेट्रोनोम ६० वर लावा. पहिल्या ठोक्याला सूर, पुढच्या पहिल्या ठोक्यापर्यंत पूर्ण धरा. मग चौथ्या ठोक्यावर तोडा, मग तिसऱ्यावर, मग दुसऱ्यावर. सूर सुरू होतो तो ठोका सगळे सांभाळतात. संपतो तो ठोकाही तितकाच नेमका लागला पाहिजे.

हे बसलं की मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेचा आहे असं धरून वाजवा. पहिली आणि तिसरी मात्रा तुमची तुम्ही सांभाळायची. ६०च्या ठोक्यावर गाणं १२०च्या लयीत चालेल. हात एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकतो तिथे नवशिक्यांची लय हमखास मागे पडते, आणि या सरावात ते लगेच उघडं पडतं. वाजवलेलं फोनवर रेकॉर्ड केलंत तर हेडफोन लावूनच ऐका. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झचा सूर येतच नाही, त्यामुळे खालच्या चुका ऐकूच येणार नाहीत. तार जुळवतानाही क्लिपच्या ट्यूनरला ई तार नीट सापडत नसेल तर बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं शिवून वरचा सूर काढा आणि तो जुळवा.

रोजचा वेळ अर्धा तास धरू. पहिली दहा मिनिटं मोकळ्या तारा आणि उजवा अंगठा. पुढची दहा पहिल्या पाच फ्रेटमध्ये तीन बोटांची पद्धत, हात अंगठ्यासकट सरकवत, मेट्रोनोम ५० ते ६०. मग दोन मिनिटं हात सोडून विश्रांती. शेवटची दहा मिनिटं एकच गाणं, मूळ चालीपेक्षा संथ, फक्त सुरांच्या लांबीकडे लक्ष देऊन. डावी बोटं तारांपासून सेंटिमीटरभरापेक्षा वर उडत असतील तर लय आणखी कमी करा, विशेषतः करंगळी. अंगठ्याने आपटून वाजवायची स्लॅप शैली तुम्हाला खुणावत असेलच, पण चारही तारा गप्प ठेवता येईपर्यंत ती बाजूला असू दे. तिच्यात तारा आवरणं याहून कठीण असतं.

आणि पाच तारांच्या बेसबद्दल. पाचवी तार बी, ३०.९ हर्ट्झ, ई पेक्षाही जाड. ती नसलेल्या गाण्यांतही ती तिथे असते, घुमते, आणि गप्प ठेवायला अंगठ्याला आणखी एक तार मिळते. नेकही रुंद होते. आज चार तारांवर जो घूं आहे तो पाच तारांवर वाढेल. आठ सूर वाजवून थांबल्यावर तीन सेकंद शांतता मिळायला लागली, दोन तासांच्या कार्यक्रमानंतर मनगट दुखेनासं झालं, आणि तुमच्या गायकांच्या पट्ट्यांमुळे ई च्या खालचे सूर खरोखर लागू लागले, तर दुकानात जाऊन पाच तारांचा बेस पट्टा लावून, उभं राहून, अर्धा तास वाजवून बघा. तोवर आहे त्याच बेसचा सेटअप करून घ्या आणि तारा किती जुन्या आहेत ते विचारा. दुकानात लटकून गंजलेल्या असतील तर ४५ ते १०५ जाडीचा (हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात) नवा संच टाका.